घरात दीर्घ आजारी माणूस असेल, तर सेवा करणाऱ्याने स्वतःला कसं सांभाळावं

सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या, त्या वर्षी विळीवर भोपळा चिरताना माझं बोट कापलं. साधी जखम, पण तीन आठवडे झाले तरी तिची कड ओलीच. त्याच दिवसांत जेवणाला चव लागेना, कुणाशी बोलावंसं वाटेना. या दोन्हींचा संबंध असू शकतो हे मला फार उशिरा कळलं.

१९९५ साली अमेरिकेतल्या ओहायोत मानसशास्त्रज्ञ जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी सेवा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर ३.५ मिलिमीटरची छोटी जखम केली. इतर बायकांपेक्षा ती भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. ताण आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते दाहाला, म्हणजे जखम किंवा संसर्ग झाला की शरीरात उठणाऱ्या सूज-जळजळीला, आवर घालतं. पण ताण महिनोन्‌महिने चालला की पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात. मग आत दाह धुमसत राहतो आणि त्याचे निरोप मेंदूपर्यंत पोचतात. तापात कसं नुसतं पडून राहावंसं वाटतं, तसंच ताप नसताना वाटू लागतं. नैराश्याच्या प्रत्येक रुग्णात दाह सापडत नाही. पण "मनाला लावून घेऊ नकोस" एवढ्याने भागत नाही, हे नक्की.

पहिलं काम, उशाशी वही ठेवा. सलग झोप किती झाली, जेवण गोड लागलं का, कशात मन रमलं का, एवढंच रोज लिहा. १४ दिवस बहुतेक वेळ उदासी किंवा कशातच रस नाही असं दिसलं, तर वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. मी नुसतं "थकवा आहे" म्हणत राहिले आणि टॉनिक घेऊन परतत राहिले.

मग डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासा. जखम भरत नसेल तर साखर आधी. दाह दाखवणारी सीआरपी चाचणी मात्र स्वतःहून करू नका. साध्या संसर्गानेही ती वाढते आणि नैराश्याचं निदान तिच्यावरून होत नाही.

सगळ्यात अवघड काम रात्रीची झोप मिळवण्याचं. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, म्हणजे तुमची झोप तुकड्यातुकड्यांची. तुटक झोपेनेही दाह वाढतो. नातेवाइकांना "जरा मदत करा" म्हटलं तर सगळे मान डोलावतात, येत कुणी नाही. दिवस आणि वेळ सांगा. मी नणंदेला म्हटलं, "ताई, बुधवारी आणि शनिवारी रात्री १० ते सकाळी ६ आईंजवळ तुम्ही थांबा." ती आली. पहिल्या बुधवारी मी सलग सात तास झोपले.

रोज अर्धा तास चाला. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा, तोही दाहच आहे. मिश्री लावत असाल तर सोडा.

दाह कमी व्हावा म्हणून दुखण्याच्या गोळ्या मनानेच घेऊ नका. नैराश्याच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, तर गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच बंद करू नका.

जीव नकोसा वाटू लागला तर १४ दिवस थांबू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा आणि १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लावा. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. काय बोलावं सुचलं नाही, तर वहीतलं शेवटचं पान वाचून दाखवा.