तांब्याची तार आणि गोधडीची सुई: धातूचा कडकपणा घरच्या गॅसवर बदलून पाहा

धातू मऊ आहे की कडक, हे तो कशाचा बनला आहे एवढ्यावरच ठरत नाही. आतले अणू कसे रचले गेले आहेत आणि त्या रचनेत किती बिघाड आहेत, यावर खूप काही अवलंबून असतं. हे दोन स्वस्त वस्तूंवर तपासता येतं.

लागणारं सामान: अर्थिंगची उघडी तांब्याची तार (१४ गेज, म्हणजे सुमारे २ मिमी जाड) ३० सेंमी, गोधडी शिवायच्या सुमारे १ मिमी जाडीच्या पाच-सहा सुया, दोन पकडी, बारीक पॉलिश पेपर, लोखंडी तवा, वाटीभर पाणी आणि चष्मा किंवा गॉगल. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार तशीच गॅसवर धरू नका, पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइडचा धूर होतो. जस्ताचा मुलामा दिलेली तारही नको. नॉनस्टिक तवाही नको.

तांबं

आधी सगळी तार मऊ करून घ्या, म्हणजे सुरुवात कुठून झाली ते नक्की कळेल. खोलीतला दिवा मालवून तार निळ्या ज्योतीच्या टोकांच्या किंचित वर धरा. अंधुक लाल दिसली की तो भाग झाला, पुढे सरकवा. नंतर पाण्यात बुडवली तरी चालतं. तांबं पाण्याने कडक होत नाही, वरची काळी ऑक्साइडची खपली मात्र निघते. उरलेला डाग लिंबू-मिठाने जातो.

आता तार जाड मार्कर पेनभोवती वाकवा. सहज वाकते. मग तीच वळलेली जागा सरळ करायला जा. बाक जागेवरच राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी तार वाकते, कारण वाकलेला भाग आता शेजारच्या भागापेक्षा कडक झाला आहे.

कारण असं: तांब्याच्या स्फटिकात अणूंचे थर असतात, आणि काही ठिकाणी एखादा थर मध्येच संपतो. या दोषाला डिस्लोकेशन म्हणतात. तार वाकते तेव्हा सगळा थर एका दमात घसरत नाही. हा दोष एकेक ओळ पुढे सरकतो आणि दर वेळी थोडेच बंध तुटून नव्याने जुळतात. म्हणून प्रत्यक्षातला धातू निर्दोष स्फटिकाच्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी जोराने वाकतो. ओरोवान, पोलान्यी आणि टेलर यांनी स्वतंत्रपणे हा खुलासा १९३४ मध्ये मांडला. वाकवताना नवे दोष जन्मतात आणि एकमेकांत अडकतात. मऊ तांब्यात दर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा लाख दोषरेषा असतात. भरपूर ठोकलेल्या तांब्यात त्या एक लाख पटींनी वाढू शकतात. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम नेमकं हेच साधतं. ठोक्यांनी भांड्याला चकाकणारे पैलू येतात, आणि पातळ पत्रा ताठही होतो.

आता तार कडक करा. एक टोक पकडीत घट्ट धरा, दुसरं ड्रिल मशीनच्या तोंडात अडकवा आणि तार ताणून ठेवून हळूहळू २५-३० पिळे द्या. हाताला लगेच फरक जाणवेल: सळईसारखी ताठ तार. मधला थोडा भाग पुन्हा अंधुक लाल करा, गार होऊ द्या आणि दोन्ही टोकांना धरून वाकवा. बाक मधोमधच येतो. उष्णतेने तिथे जुन्या, पिळलेल्या कणांच्या जागी नवे, जवळजवळ दोषमुक्त स्फटिककण वाढले आहेत.

चुकतं कुठे? तांब्यातून उष्णता भराभर पसरते, त्यामुळे मऊ पट्टा तापवलेल्या जागेपेक्षा रुंद निघतो. फार वेळ भडक लाल ठेवली तर कण मोठे होतात आणि वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसतो. तांबं १,०८५ अंशांना वितळतं, त्यामुळे बारीक तारेबाबत जास्तच सांभाळा.

पोलाद

सुईचं प्रकरण निराळं आहे. इथे दोषांच्या गर्दीपेक्षा कार्बन कुठे बसला आहे याला महत्त्व आहे. आधी एक सुई कापडात गुंडाळून पकडींनी वाकवून पाहा. थोडी लवचिकपणे वाकून कट्‌दिशी तुटली, तर ती कार्बनवाली आहे. आडवी होईपर्यंत मुकाट्याने वाकली तर साधं लोखंड. त्यात कार्बन इतका कमी की पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून झटकन पाण्यात बुडवून, काही होणार नाही. खिळ्यांवर हा प्रयोग फसतो तो याचमुळे.

पहिली सुई चांगली लाल करा आणि अर्ध्या मिनिटात हळूहळू ज्योतीबाहेर वर न्या. एकदम बाहेर काढलीत तर १ मिमीची सुई क्षणात गार होते आणि पुरेशी मऊ होत नाही. नीट जमली तर ती तारेसारखी वाकेल.

दुसरी तशीच लाल करा, पण वाटी बर्नरला अगदी खेटून ठेवा. ज्योतीतून पाण्यात जायला एक सेकंदही लागता कामा नये. टोक खाली करून उभी बुडवा आणि ढवळा. सुमारे ७२७ अंशांच्या वर लोखंडाची रचना बदलते आणि तिच्यात कार्बन विरघळतो. सावकाश गार केलं तर तो बाहेर पडतो. झटक्यात गार केलं तर त्याला वेळच मिळत नाही, तो आत अडकून अणूंची जाळीसारखी रचना ताणून धरतो. या रचनेचं नाव मार्टेन्साइट. ही सुई काचेसारखी तुटते, म्हणून मोडताना कापड आणि गॉगल हवाच. तुटण्याऐवजी वाकली, तर ताप कमी पडला किंवा वाटी लांब होती.

तिसरी सुई अशीच पाणी देऊन कडक करा, पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि बोट न लावता तव्यावर ठेवून मंद आचेवर तापवा. साधारण २२० अंशांना फिकट पिवळा रंग येतो, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. हा रंग ऑक्साइडच्या पातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशाचा. निळा दिसताच पाण्यात टाका. ही सुई स्प्रिंगसारखी वाकून परत येते.

तिन्ही प्रकारच्या अखंड सुया ठेवून शेवटची चाचणी जरूर करा, कारण तिचा निकाल बहुतेकांना अनपेक्षित असतो. सुई टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून ४० मिमी बाहेर ठेवा आणि टोकाला ५० ग्रॅम वजन टांगा. टोक सुमारे १ मिमी खाली येतं, आणि तिन्हींत जवळजवळ तेवढंच. हलक्या भाराखाली अणूंमधले बंध फक्त ताणले जातात, आणि लोखंडाचे ते बंध तिन्हींत सारखेच आहेत. फरक पडतो तो त्यापुढे, सुई कायमची वाकणार की मोडणार यात. मोजमापात एखादी वेगळी निघाली तर आधी तिची जाडी तपासा: घासून १ मिमीची ०.९५ मिमी झाली असेल, तर तेवढ्यानेच ती सुमारे २३ टक्के जास्त वाकते.