गावच्या घरात स्मार्ट डिमर: आधी बल्ब, मग बोर्ड, मग लाईन

स्मार्ट डिमर म्हणजे बल्बचा उजेड बटनाने, रिमोटने किंवा मोबाईलच्या ॲपवरून कमी-जास्त करणारं उपकरण. तो घेताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. मोबाईलवर डिमर पाहिला, ऑफर दिसली, मागवला, आणि पार्सल तालुक्याहून घरी आलं की वायरमनला हाक मारली. बोर्ड उघडल्यावर कळतं की आत न्यूट्रल नाही आणि होल्डरला जो बल्ब आहे तो मंद होणारा नाही. गावठाणच्या लाईनवर संध्याकाळी सातला व्होल्टेज 170 वर येतं, मध्यरात्री लोड उतरला की 250 च्या वर जातं, आणि मृगाच्या वाऱ्या-विजांत लाईन रात्रीतून दहा वेळा जाते-येते. अशा ठिकाणी डिमर सगळ्यात शेवटी निवडायचा असतो.

डिमर लावून बिल वाचेल, हा हिशोब मात्र आधीच सोडून द्या. 9 वॅटचा एलईडी बल्ब मंद करून 3 वॅटवर आणला आणि रोज पाच तास जाळला, तर महिन्याला वाचते 0.9 युनिट. डिमर स्वतः चोवीस तास जागा असतो. त्याचा खर्च 1 वॅट धरला तरी महिन्याचं 0.72 युनिट तिथेच गेलं. डिमर घ्यायचा तो डोळ्यांसाठी आणि सोयीसाठी. रात्री दोनदा उठणारी म्हातारी माणसं ज्या खोलीत झोपतात ती खोली, लहान बाळाची खोली, आणि पुढची सपरी, एवढ्या तीन जागा पुरे. पावसाळ्यात सपरीतल्या पांढऱ्या झगझगीत बल्बवर किड्यांचा थर बसतो. तिथे 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब लावून तो निम्म्यावर आणला, तर किडे बरेच कमी येतात. स्वयंपाकघरात डिमर नको, तिथे भरपूर उजेडच हवा. गुरांच्या कोठ्यातही नको. तिथली धूळ, ओल आणि गोमूत्राची वाफ कोणतंही इलेक्ट्रॉनिक सामान फार दिवस टिकू देत नाही.

बल्ब

घरात आज जो एलईडी बल्ब आहे तो बहुधा मंद होणारा नाही. 2015 पासून उजाला योजनेतून स्वस्तात मिळालेले बल्बही तसेच, साधे. अशा बल्बमधला ड्रायव्हर, म्हणजे आतलं छोटं सर्किट, एलईडीला ठरलेलाच करंट द्यायला बघतो. डिमर लाईनची लाट कापून वीज कमी करतो आणि ड्रायव्हर ती भरून काढायला धडपडतो. या ओढाताणीत बल्ब फडफडतो, गुणगुणतो, आणि आतला कपॅसिटर तापून लवकर जाऊ शकतो. दुकानदार 'चालते ना भाऊ' म्हणेल, पण ऐकू नका. खोक्यावर 'डिमेबल' असं स्पष्ट छापलेलं असेल तरच घ्या. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण आणि आयएस 16102 हा नंबरही तिथेच बघून घ्या.

एकाच डिमरवरचे सगळे बल्ब एकाच कंपनीचे आणि एकाच वॅटचे ठेवा. तीन डिमेबल आणि एक उजालाचा अशी मिसळ केली, तर तो एक बल्ब बाकीच्या तिघांनाही लुकलुकायला लावतो.

डिमर न लावताही काम भागू शकतं, त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे बटन बंद-चालू केलं की उजेड पूर्ण, निम्मा, अगदी मंद असा बदलणारा बल्ब. त्याला ना ॲप लागतं ना वायरिंगला हात लावावा लागतो. एकाच खोलीचा प्रश्न असेल तर हाच घ्या. दुसरा मार्ग स्मार्ट बल्बचा. तो नेहमीच्या होल्डरला बसतो, पण भिंतीवरचं बटन कायम चालू ठेवावं लागतं. घरात बटन दाबूनच लाईट बंद करायची सवय असते. ते दाबलं की बल्ब ॲपवरून गायब. आणखी एक भानगड आहे. बरेचसे स्मार्ट बल्ब तीन किंवा पाच वेळा पटापट बंद-चालू झाले की जुनी जोडणी विसरून नव्याने जोडून घ्यायच्या तयारीत जातात. वादळात लाईन लपझप करू लागली की हे आपोआप घडतं, आणि रात्री एक वाजता बल्ब एकसारखा मिचकत बसतो. असा बल्ब घ्यायचाच असेल तर तो इन्व्हर्टरच्या लाईनवर ठेवा. स्मार्ट बल्ब डिमरला मात्र कधीच जोडू नका, दोघांपैकी एक जायची भीती असते.

वॅटचा हिशोब

डिमरवर 400 वॅट लिहिलेलं असतं, पण तो आकडा जुन्या तारेच्या बल्बचा असतो. एलईडीसाठी वेगळा आकडा छापलेला नसेल तर त्याचा दहावा भाग धरा, म्हणजे 40 वॅट. त्यात 9 वॅटचे चार बल्ब बसतात. कमीत कमी लोडही बघा. डिमर 20 वॅटपासून पुढे चालणारा असेल आणि खोलीत 9 वॅटचा एकच बल्ब असेल, तर तो कधी धड चालणार नाही. गावच्या खोल्यांत एकेकच बल्ब असतो, म्हणून 3 किंवा 5 वॅटपासून चालणारा डिमर शोधा.

डिमरचे दोन प्रकार आहेत. लाटेचा पुढचा भाग कापणारा लीडिंग एज, आणि मागचा भाग कापणारा ट्रेलिंग एज. पहिला स्वस्त असतो आणि तारेच्या बल्बसाठी बनलेला आहे. एलईडीला ट्रेलिंग एजच घ्या, गुणगुण कमी आणि उजेड सावकाश उतरतो.

पंखा, कूलर, कूलरचा पंप यांतलं काहीही लाईटच्या डिमरवर नको. मोटर घरघरते, तापते, आणि मे महिन्यात नेमक्या वेळी जळते. बीएलडीसी पंख्याला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या रिमोटच्या पंख्याला, तर रेग्युलेटरही चालत नाही. दिवाळीच्या झालरीचाही प्लग डिमरवर लावू नका.

बोर्डात न्यूट्रल आहे का

ज्या बोर्डात पाच पिनचा सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच. नुसती बटनं असलेल्या बोर्डात बहुतेक वेळा फेज येतो आणि बल्बकडे जाणारी वायर निघते, तिला वायरमन 'हाफ' म्हणतात. न्यूट्रल वरच्यावर होल्डरला गेलेला असतो. साध्या टेस्टरने हे कळत नाही, कारण टेस्टर फक्त फेजवर पेटतो. न्यूट्रल आणि कुठेच न जोडलेली वायर त्याला सारखीच.

मल्टिमीटरही इथे फसवतो. होल्डरमध्ये बल्ब असला की फेज आणि हाफमध्येसुद्धा 200 च्या वर आकडा दिसू शकतो, कारण बल्बातून न्यूट्रलचा मागोवा लागतो. म्हणून आधी त्या बोर्डावरचे सगळे बल्ब काढा आणि मग मोजा. वायरमनकडचा टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेला तारेचा 60 वॅटचा बल्ब, त्याहून खरा. फेज आणि संशयित वायरीमध्ये तो पूर्ण पेटला तरच तो न्यूट्रल, पण ती वायर हिरवी किंवा अर्थची नाही हेही पाहून घ्या. अर्थवरही तो पेटतो.

न्यूट्रल नसेल तर काही वायरमन अर्थच्या वायरीवर काम भागवतात. ते होऊ देऊ नका. 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन पाडणारा स्विच, असेल तर तो पडत राहू शकतो, आणि नसेल तर अर्थ ढिली झाल्यावर कूलरच्या पत्र्याला करंट उतरतो. वाटल्यास शेजारच्या सॉकेटच्या बोर्डातून 1 चौरस मिमीची तांब्याची वायर ओढा, पण ती त्याच सर्किटची हवी. बिगर-न्यूट्रलचे डिमरही मिळतात. ते बल्बातूनच थोडा करंट चोरून चालतात, त्यामुळे एकटा बल्ब बंद केल्यावरही काजव्यासारखा पेटून राहतो. होल्डरजवळ बायपास कपॅसिटर लावला की तो थांबतो.

बंद केल्यावरही बल्ब मंद पेटत असेल आणि डिमर अजून लावलेलाच नसेल, तर बटन बहुधा न्यूट्रलवर बसवलेलं आहे. आधी ते फेजवर आणा.

लाईन आणि इन्व्हर्टर

स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर डिमर नको. त्या लाटेच्या उभ्या कडेवर डिमरचा अंदाज चुकतो, बल्ब गुणगुणतो आणि डिमर तापतो. साईन वेव्हचा असेल तर अडचण नाही. पण एक बघा: यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण 180 व्होल्टच्या खाली लगेच बॅटरीवर जातो. संध्याकाळी 170 असणाऱ्या घरात बॅटरी रोज रिकामी होईल आणि खरी लाईन जाईल तेव्हा काही उरणार नाही. तिथे इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवा. बदलताना डिमर क्षणभर बंद होऊन परत सुरू झाला तर चालवून घ्या.

म्हणूनच 'लाईन आल्यावर काय करायचं' ही सेटिंग ज्या डिमरमध्ये नाही तो घेऊच नका. ती 'बंद' किंवा 'आधी होता तसा' वर ठेवा. नाहीतर पहाटे तीनला लाईन आली की सगळी खोली झगझगेल.

डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात 300 ते 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतं. तेव्हा डिमर पहिला जातो, आणि त्याच्यामागे टीव्ही, फ्रिज. मीटरनंतरच्या डब्यात व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा आणि वरची मर्यादा 270 ठेवा. विजांसाठी एसपीडी, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अर्थमध्ये उतरवणारं उपकरण, वेगळा लागतो. पण अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल तर त्याचा उपयोग नाही, उन्हाळ्यात तिथे पाणी टाका.

घराचं नेट म्हणजे कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट असेल, तर तो माणूस शेतात गेला की डिमरचं ॲप बंद. तिथे रिमोटवर चालणारा डिमरच बरा. राऊटर असेल तर 2.4 गिगाहर्ट्झचं नेटवर्क लागतं, आणि राऊटर इन्व्हर्टरवर हवा. पांढऱ्या मातीच्या दोन फुटी भिंती आणि बोर्डाचा लोखंडी डबा मिळून सिग्नल खातात. डिमर घ्यायच्या आधी फोन बोर्डाला टेकवून तिथे वायफाय नीट चालतं का ते बघा. कोणताही डिमर घ्या, भिंतीवरच्या बटनाने तो नेटशिवाय चाललाच पाहिजे.

बसवताना

मेन स्विच पाडा आणि इन्व्हर्टरही बंद करा. मेन पाडूनही इन्व्हर्टरची लाईन बोर्डात जिवंत असते, झटका इथेच बसू शकतो. मग टेस्टरने सगळ्या वायरी तपासा, आणि टेस्टर चालतो का ते मेन पाडायच्या आधीच चालू सॉकेटवर बघून ठेवा. वायरिंगची माहिती नसेल तर इथून पुढचं काम वायरमनचंच.

बटनामागे बसणाऱ्या डिमरच्या मॉड्यूलला बहुधा चार जागा असतात: एल (L) ला फेज, एन (N) ला न्यूट्रल, ओ (O) ला हाफ, एस (S) ला बटनाची वायर. या कामाला नेहमीचं बटन नको, बेलचं बटन घ्या, दाबलं की परत वर येणारं. एकदा दाबलं की चालू-बंद, दाबून धरलं की उजेड कमी-जास्त. जिन्याला किंवा पलंगाजवळ दुसरीकडूनही चालवायचं असेल तर तिथलं टू-वे बटन काढून दुसरं बेल बटन एसला समांतर जोडा. जुनं टू-वे तसंच ठेवलं तर डिमर चालणार नाही.

वायर 8 मिमी सोला, तारांचा एकही धागा स्क्रूबाहेर राहू देऊ नका. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर ती तांब्याला पिळून जोडू नका. जोड ढिला होतो, तापतो. कनेक्टर वापरा. मॉड्यूलभोवती हवा राहील इतका खोल डबा हवा. पश्चिमेच्या भिंतीवरच्या बोर्डात मे महिन्यात आधीच भट्टी पेटलेली असते, तिथे डिमरवर ठरलेल्या लोडच्या निम्माच टाका. वायर आत जायची भोकं बुजवा, नाहीतर पाल जाऊन बसते आणि एक दिवस दोन टोकांमध्ये चिकटते.

कमीत कमी उजेड संध्याकाळी ठरवा

हे काम दुपारी कुणीही करतं आणि रात्री तक्रार करतं. दुपारी 235 व्होल्ट असताना 10 टक्क्यांवर बल्ब छान मंद पेटतो. संध्याकाळी 170 वर त्याच 10 टक्क्यांत ड्रायव्हरला सुरू व्हायलाही पुरत नाही, बल्ब विझतो किंवा मिचकतो. म्हणून उन्हाळ्यात रात्री आठच्या सुमारास, गावातले सगळे कूलर चालू असताना, उजेड खाली आणत जा. बल्ब जिथे थरथरतो त्याच्या 5 टक्के वर 'किमान' बांधून टाका. मग बल्ब पूर्ण बंद करून त्याच किमानवर पुन्हा सुरू करा. पेटायला वेळ लागला तर आणखी 5 टक्के वर घ्या. डोळ्यांना न दिसणारं थरथरणं फोनच्या स्लो-मोशन व्हिडिओत पट्ट्यांसारखं दिसतं.

काढलेलं जुनं बटन फेकू नका. कोणती वायर कुठे होती ते बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा आणि बटन चिकटपट्टीने तिथेच लावून ठेवा. डिमर ऐन पोळ्याच्या दिवशी गेला तरी वायरमन आला की जुनं बटन परत बसवायचं काम पाच मिनिटांत उरकतं.