कागदावरच्या ठिपक्यांवरून रेणूचा आकार कसा काढायचा

पिंपळगाव-निफाड भागातल्या पॅकहाउसमध्ये निर्यातीच्या द्राक्षपेटीत घडांवर एक कागदी पॅड ठेवतात. त्यातल्या सोडियम मेटाबायसल्फाइटला ओलावा लागला की हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी धरत नाही. आता हा वायू आणि आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड शेजारी ठेवून बघा. दोन्हींत मधल्या अणूला दोनच ऑक्सिजन, पण कार्बनवाला रेणू सरळ रेषेत आणि गंधकवाला वाकलेला, सुमारे ११९ अंशांत. असे दहा-बारा आकार पाठ होतात, पुढे गोंधळ सुरू होतो. त्यापेक्षा हिशोब शिकलेला बरा. कागद, पेन्सिल आणि आवर्तसारणी एवढ्यावर भागतं.

आधी संयुजा इलेक्ट्रॉनांची, म्हणजे अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांची बेरीज करा. चित्रात ठिपक्यांनी दाखवतात ते हेच. कार्बनचे ४, नायट्रोजन-फॉस्फरसचे ५, ऑक्सिजन-गंधकाचे ६, फ्लोरिन-क्लोरिनचे ७, झेनॉनचे ८, हायड्रोजनचा १. आयन (प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट) असेल तर ऋण प्रभाराइतके मिळवा, धन प्रभाराइतके वजा करा. सल्फेटचे ६ + २४ + २ = ३२, अमोनियमचे ५ + ४ − १ = ८. सगळ्यात जास्त उत्तरं चुकतात ती इथेच, प्रभार विसरल्यामुळे. म्हणून बेरीज कोपऱ्यात लिहून तिच्याभोवती चौकट करा.

मध्ये कोण बसणार? जो कमी विद्युतऋण, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे कमी ओढणारा तो, आणि बहुधा सूत्रात एकटा असलेला. हायड्रोजन मात्र कधीच मध्ये नाही.

मग वाटप. बाहेरच्या प्रत्येक अणूला आठ इलेक्ट्रॉन द्या, हायड्रोजनला दोन. बंधातले दोन या आठांतच धरलेले आहेत, ते वेगळे मोजू नका. जे उरतील ते मधल्या अणूचे, त्यांच्या जोड्या लावा. सल्फर डायऑक्साइड: १८ − १६ = २, म्हणजे गंधकावर एक लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी). कार्बन डायऑक्साइड: १६ − १६ = ०, कार्बनवर काहीच नाही. एक रेणू सरळ आणि दुसरा वाकडा का, याचं उत्तर या दोन ओळींत आलं.

पूर्ण ल्युईस रचना, म्हणजे सगळे बंध आणि ठिपके दाखवणारं चित्र काढायचं असेल तर अजून एक पायरी राहते. मधल्या अणूचं अष्टक (आठ इलेक्ट्रॉन) अपुरं असेल तर बाहेरच्या अणूवरची जोडी आत ओढून दुहेरी किंवा तिहेरी बंध करा. परीक्षेत ते दाखवावंच लागतं. आकारासाठी मात्र त्याने फरक पडत नाही, कारण एकेरी असो, दुहेरी असो की तिहेरी, एका शेजाऱ्याकडे जाणारा बंध हा एकच गट. गंधकावर दोन दुहेरी बंध दाखवायचे की प्रभार लिहून एक दुहेरी, एक एकेरी, यावर वर्गात तास तास वाद होतो. आकाराचं उत्तर दोन्ही चित्रांत तेच येतं.

आता गट मोजा: बाहेरचा प्रत्येक अणू एक, प्रत्येक लोन पेअर एक. समान प्रभाराचे हे गट एकमेकांना दूर लोटतात. ही कल्पना रसायनशास्त्रज्ञ सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये मांडली, तर गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये तिला आजचं रूप दिलं. दोन गट १८० अंशांवर, तीन १२० वर, चार १०९.५ वर म्हणजे चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे. पाच गटांत १२० आणि ९० दोन्ही कोन येतात, सहा गटांत सगळे शेजारी ९० वर.

आकाराचं नाव देताना लोन पेअर झाकून फक्त अणू बघायचे. पाण्यात गट चार, पण अणू तीन. म्हणून रेणू वाकलेला. तिथे 'चतुष्फलकीय' लिहिलं की गुण गेला, कारण ती इलेक्ट्रॉन-गटांची मांडणी झाली, रेणूचा आकार नव्हे.

लोन पेअर फक्त एकाच केंद्रकाच्या ताब्यात असते, त्यामुळे ती मधल्या अणूजवळ पसरून बसते आणि बंधांना जास्त दाबते. मिथेनमध्ये १०९.५ अंश, एक लोन पेअर आली की अमोनियात सुमारे १०७, दोन आल्या की पाण्यात १०४.५. दुहेरी बंधही थोडी जास्त जागा खातो. फॉर्माल्डिहाइडमध्ये दोन हायड्रोजनांमधला कोन १२० ऐवजी ११६.५ च्या आसपास येतो तो त्यामुळेच.

खरी परीक्षा पाच गटांची. इथल्या जागा सारख्या नाहीत: मधल्या पट्ट्यावर तीन आणि वर-खाली दोन. वरच्या किंवा खालच्या जागेला ९० अंशांवर तीन शेजारी असतात, मधल्या पट्ट्यावरच्या जागेला दोनच. म्हणून दाबणारी लोन पेअर आधी पट्ट्यावर बसवायची. सल्फर टेट्राफ्लोराइडमध्ये ३४ − ३२ = २, एक लोन पेअर, आकार सी-सॉसारखा. क्लोरिन ट्रायफ्लोराइडमध्ये २८ − २४ = ४, दोन लोन पेअर, इंग्रजी टी अक्षराचा आकार, कोन सुमारे ८७.५. झेनॉन डायफ्लोराइडमध्ये २२ − १६ = ६, तिन्ही लोन पेअर पट्ट्यावर आणि रेणू चक्क सरळ. क्लोरिन ट्रायफ्लोराइडला सपाट त्रिकोण ठरवणाऱ्यानं उरलेले चार इलेक्ट्रॉन मोजलेलेच नसतात.

सहा गटांत दोन लोन पेअर असतील तर त्या समोरासमोर ठेवा. झेनॉन टेट्राफ्लोराइड, ३६ − ३२ = ४, सपाट चौरस.

कागद सपाट असल्यामुळे मिथेन नेहमी ९० अंशांचा अधिक-चिन्हासारखा दिसतो. ही खोड मोडायला एकदा तरी हातानं मॉडेल करा. हंगामात कडक द्राक्षमणी आणि दात कोरायच्या काड्या चालतात, पण मणी तासाभरात सैल होतो. शाडूच्या मातीची दोन सेंटिमीटरची गोळी जास्त भरवशाची, फक्त ती अर्धवट सुकल्यावर काड्या खोचा, नाहीतर त्या कलंडतात. प्रत्येक काडीचं टोक गोळीच्या मध्यापासून ६ सेंटिमीटरवर ठेवा. मग कोनमापकाची गरज नाही, पट्टीनं टोक ते टोक मोजा: चतुष्फलकात कुठल्याही दोन टोकांत ९.८ सेंटिमीटर, १२० अंशांना १०.४, ९० अंशांना ८.५. चतुष्फलक जमला की नाही हे पटकन बघायचं तर मॉडेल तीन काड्यांवर टेबलावर उभं करा. चौथी सरळ आभाळाकडे बघायला हवी.

मोठ्या रेणूला एकच आकार नसतो, प्रत्येक मधल्या अणूचा हिशोब वेगळा करायचा. लासलगावचा कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी काढणारं संयुग घ्या, प्रोपेनथायाल एस-ऑक्साइड. त्यात तीन कार्बनांची साखळी आहे, शेवटच्या कार्बनाला गंधक आणि गंधकाला ऑक्सिजन. गंधकाशी जोडलेला कार्बन: शेजारी तीन, लोन पेअर नाही, म्हणून सपाट, सुमारे १२० अंश. गंधक: शेजारी दोन, लोन पेअर एक, म्हणून वाकलेला, १२० पेक्षा कमी. उरलेले दोन कार्बन चतुष्फलकीय.

हिशोब कुठे तोकडा पडतो तेही माहीत हवं. हायड्रोजन सल्फाइडला गट चार, तरी कोन फक्त ९२ अंश, फॉस्फीनचा ९३.५. वाकण्याची दिशा बरोबर येते, किती वाकेल ते नाही. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडमध्ये फ्लोरिन बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, नायट्रोजनजवळची गर्दी कमी होते आणि कोन १०२ वर येतो. नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये १७ − १६ = १, एकच सुटा इलेक्ट्रॉन उरतो; तोही गट धरा, पण दुबळा, म्हणून कोन १२० च्या वर, १३४ अंश. आणि तांब्यासारख्या संक्रमण धातूंपासून लांब राहा. बोर्डो मिश्रणात टाकतात त्या मोरचुदातल्या सल्फेटला हा हिशोब बिनदिक्कत लावा: ३२ − ३२ = ०, चतुष्फलक. त्यातल्या तांब्याला लावू नका. तिथे डी-इलेक्ट्रॉनांचं गणित चालतं आणि लोन पेअर मोजून हाती काही लागत नाही.