चेनसॉमधील फेरफार: ताकद, वजन आणि टिकाऊपणा यांचा हिशेब

फेरफार केलेली चेनसॉ म्हटले की दोन अगदी वेगळी यंत्रे एकाच नावाखाली येतात. पहिले यंत्र म्हणजे स्टिल टिंबरस्पोर्ट्स या लाकूड कापण्याच्या स्पर्धेतील ‘हॉट सॉ’. तिला अनेकदा स्नोमोबाइलचे किंवा मोटोक्रॉस मोटारसायकलचे इंजिन बसवलेले असते, तिचे वजन पंचवीस-तीस किलोंच्या घरात जाते आणि तिला ओंडक्याच्या तीन चकत्या काढण्यापुरतेच, म्हणजे काही सेकंद, चालायचे असते. दुसरे यंत्र म्हणजे अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, डग्लस फर या उंच सूचिपर्णी झाडांच्या जंगलात दिवसभर चालणारी करवत. तिच्या सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याची भोके, कोरलेले असले तरी बाहेरून ती कंपनीतून आल्यासारखीच दिसते, कारण ती खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा असतो. हा लेख या दुसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे साधारण ६० ते ९० सीसीच्या व्यावसायिक करवतीसाठी आहे.

इंजिन खोलण्याआधी कंपनीचे आकडे समोर ठेवावेत. स्टिल कंपनीची एमएस ४६२ ही करवत ७२.२ सीसीची असून ती ४.४ किलोवॅट ताकद देते आणि तिचे वजन ६ किलो आहे. एमएस ६६१ ही ९१.१ सीसीची, ५.४ किलोवॅटची आणि ७.४ किलोची आहे. किलोमागे ताकद काढली तर दोघींचे उत्तर ०.७३ किलोवॅट असे जवळपास सारखेच येते. इंधन-इंजेक्शन असलेली एमएस ५०० आय ७९.२ सीसीची असूनही ६.२ किलोंत ५ किलोवॅट देते, म्हणजे किलोमागे ०.८. फेरफाराचे खरे आकर्षण येथेच आहे: पोर्ट कोरल्याने किंवा सायलेन्सर मोकळा केल्याने वजन वाढत नाही, ताकद मात्र वाढते. पण ९० सीसीच्या करवतीला जे काम सहज जमते ते ७० सीसीच्या करवतीकडून करून घ्यायचे असेल, तर फरकाची किंमत उष्णता, इंधन आणि सुट्या भागांचे आयुष्य यांत मोजावी लागते. माझे मत असे की वजनाची अडचण असेल तर हलकी करवत घेऊन तिच्यात थोडाच फेरफार करावा; जड करवत हलकी करण्याच्या फंदात पडू नये. हँडलचे बोल्ट बदलून किंवा कव्हरला भोके पाडून वाचणारे ग्रॅम टाकी भरताच वाया जातात, कारण भरलेले पेट्रोल आणि साखळीचे तेल मिळूनच पाऊण किलोच्या वर जाते. वजन कमी करण्याची फायद्याची जागा एकच, ती म्हणजे बार, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते ती पट्टी. आतून पोकळी काढलेला हलका बार टोकाकडचे वजन कमी करतो आणि मनगटाला जाणवते ते तेच वजन.

पहिला फेरफार इंजिनाबाहेर करावा. साखळीचे दात एकसारख्या कोनात कानशीने लावलेले नसतील आणि कापण्याची खोली ठरवणारे दातांपुढचे उंचवटे धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली नसतील, तर वाढवलेली ताकद फक्त धूर आणि भुसा काढते. सागवानात सिलिकाचे कण असल्याने साखळी लवकर बोथट होते, त्यामुळे सागावर काम करणाऱ्याने हा मुद्दा जास्तच मनावर घ्यावा. दात धारदार झाल्यावर बार गरजेपेक्षा लांब नाही ना, हे पाहावे. स्प्रॉकेटचा, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, विचार मात्र इंजिनाचे काम झाल्यावरच करावा. तीन-अष्टमांश इंची साखळी सात दातांच्या स्प्रॉकेटवर एका फेऱ्यात सुमारे १३ सेंटिमीटर सरकते, म्हणजे कापताना मिनिटाला १०,००० फेरे मिळत असतील तर तिचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर होतो. आठ दातांवर तोच वेग २५ मीटरच्या जवळ जातो, पण त्या प्रमाणात इंजिनावरचा भारही वाढतो आणि मूळ इंजिन लाकडात गुदमरते. येथे सुरक्षिततेचाही प्रश्न येतो. करवतीपासून संरक्षण देणाऱ्या पँटचा वर्ग साखळीच्या वेगावर ठरतो: पहिला वर्ग सेकंदाला २० मीटर, दुसरा २४ आणि तिसरा २८. साखळीचा वेग वाढवून पहिल्या वर्गाची पँट तशीच वापरणे म्हणजे निम्मे संरक्षण घरी ठेवून जाणे होय.

यानंतरचा टप्पा सायलेन्सरचा. कंपनीने आवाज आणि प्रदूषणाचे नियम पाळण्यासाठी बाहेर पडण्याची वाट अरुंद ठेवलेली असते. ती थोडी रुंद केली की इंजिन मोकळा श्वास घेते आणि गरम वायू सिलिंडरपाशी कमी रेंगाळतो, म्हणून टिकाऊपणाच्या दृष्टीने हा सर्वांत स्वस्त फेरफार आहे. एकूण वाट एक्झॉस्ट पोर्टच्या क्षेत्रफळाच्या तीन-चतुर्थांशापेक्षा मोठी करू नये, हा सर्वसाधारण आडाखा पुरेसा आहे. वायूचा झोत हाताकडे, पेट्रोलच्या टाकीकडे किंवा प्लॅस्टिकच्या कव्हरकडे येणार नाही अशा दिशेला तोंड काढावे आणि ठिणग्या अडवणारी जाळी कोणत्याही परिस्थितीत परत बसवावी. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. अमेरिकेत उत्सर्जनाच्या यंत्रणेत असा बदल करणे कायद्याने निषिद्ध आहे, हेही तेथील वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सायलेन्सर मोकळा करून कार्ब्युरेटर तसाच ठेवला, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे मिश्रण होऊन एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर उभे ओरखडे पडतात. म्हणून पूर्ण रेसवरचे पेट्रोल ठरवणारा ‘एच’ खुणेचा स्क्रू उघडत नेऊन, भार नसताना पूर्ण रेसवर इंजिन फडफडू लागेल आणि लाकडात टेकवताच ती फडफड थांबून आवाज स्वच्छ होईल, अशा जागी तो थांबवावा. लाकडातून उचलताच फडफड परत यायला हवी. कान तयार होईपर्यंत फेरे मोजणारा टॅकोमीटर वापरावा आणि कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. भारतात आता मिळणाऱ्या ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलमुळे हे जुळवणे आणखी महत्त्वाचे झाले आहे, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे आठ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. पेट्रोल आणि त्यात मिसळायचे ऑइल यांचे प्रमाण ५० ला १ वरून ४० किंवा ३२ ला १ केले तर बेअरिंगला फायदा होतो, पण मिश्रणातील पेट्रोलचा वाटा घटल्याने स्क्रू पुन्हा तपासावा लागतो.

फ्लायव्हीलला क्रँकवर एकाच जागी धरणारी चावी घासून ठिणगी थोडी लवकर पाडणे हा तिसरा टप्पा. चावीवरून अर्धा मिलिमीटर काढला की साधारण पाच अंश मिळतात आणि मधल्या फेऱ्यांतला पिकअप जाणवण्याइतका सुधारतो. त्याच्या मोबदल्यात दोरी ओढताना हाताला हिसका बसतो आणि सिलिंडर जास्त तापतो. पाच अंशांपुढे जाऊ नये.

चौथ्या टप्प्यात सिलिंडर उतरवावा लागतो आणि येथूनच टिकाऊपणाचा हिशेब गंभीर होतो. पिस्टनचा माथा आणि सिलिंडरच्या छताची कड यांतील फट मोजण्यासाठी सोल्डरची तार प्लगच्या भोकातून पिस्टन-पिनच्या दिशेने कडेपर्यंत सरकवावी, क्रँक हाताने फिरवावा आणि चेपलेले टोक कॅलिपरने मोजावे. पिनच्या दोन्ही बाजूंना मोजमाप घ्यावे, कारण पिस्टन किंचित कललेला असू शकतो. सिलिंडरच्या बुडाखालचे बेस गॅस्केट काढून ही फट अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणता येते. त्याखाली गेल्यास गरम इंजिनात पूर्ण फेऱ्यांवर पिस्टन छताला टेकण्याचा धोका असतो. अर्ध्या मिलिमीटरने सिलिंडर खाली आला की एक्झॉस्ट पोर्ट सुमारे दोन अंश उशिरा उघडतो आणि मिश्रण आत घेणारा इनटेक पोर्ट तितकाच लवकर उघडतो, म्हणून या एकाच बदलाने वरचे फेरे न वाढता खालची ओढ वाढते. ओझ्याखाली दिवसभर कापणाऱ्यासाठी ही उत्तम गोष्ट आहे. गॅस्केटच्या जागी इंजिनाला चालणारे सीलंट पातळ लावावे आणि जोडणी झाल्यावर दाब व निर्वात अशा दोन्ही चाचण्या घ्याव्यात. हवेची एक बारीक गळती इतर सगळ्या फेरफारांपेक्षा लवकर इंजिन मारते.

पोर्ट कोरण्याबद्दल महाराष्ट्रात यामाहा आरएक्स १०० वर हात बसलेले मिस्त्री पुष्कळ आहेत, पण ते ज्ञान जसेच्या तसे येथे चालत नाही. ९८ सीसीच्या त्या गाडीला लांब एक्झॉस्ट पाइप असतो आणि परतणारी दाबाची लाट बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. करवतीला फक्त एक चपटा डबा असतो. त्यामुळे एक्झॉस्ट फार वर नेला तर मिश्रण सरळ बाहेर जाते, पेट्रोल भसाभस संपते आणि ओढ नाहीशी होते. शिवाय गाडीचे इंजिन रस्त्यावर अधूनमधून विसावते, करवत मात्र एकाच ओंडक्यात मिनिटभर पूर्ण रेसवर राहते. म्हणून एक्झॉस्ट उंच करण्यापेक्षा तो रुंद करावा, आणि तोही बोअरच्या व्यासाच्या ६५ ते ७० टक्क्यांच्या आतच, नाहीतर रिंग पोर्टमध्ये फुगून अडकते. पिस्टनचा स्कर्ट पोर्टच्या दोन्ही कडा पुरेशा झाकतो का आणि रिंगचे टोक उघड्या जागेत येत नाही ना, हे कोरण्याआधी शाईने खूण करून पाहावे. बोअरवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असल्याने काठ सोलला तर सिलिंडर गेला असे समजावे. काम संपताना प्रत्येक काठ बारीक दगडाने हलका गोल करावा.

टिकाऊपणा सर्वांत जास्त खाणारी गोष्ट म्हणजे फेरे. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरची ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १२,५०० वरून १४,००० फेऱ्यांवर गेल्यास फेरे १२ टक्के वाढतात, पण रॉड आणि त्याच्या क्रँककडील मोठ्या टोकाच्या बेअरिंगवरचा ताण पंचवीस टक्के वाढतो. ३६ मिमी स्ट्रोकच्या इंजिनात १४,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.८ मीटर होतो. पिस्टन घासून हलका करणे हा यावरचा उपाय नव्हे. स्कर्ट पातळ झाला की तो खडखडतो आणि तडकतो. बाजारात मिळणाऱ्या ५८ सीसीच्या स्वस्त करवतींवर तर सायलेन्सरच्या पुढे काहीच करू नये. त्यांची बेअरिंग आणि सील मूळ ताकदीलाच जेमतेम पुरतात. तोच पैसा चांगल्या बार-साखळीत घालावा.

जोडणीनंतर पहिली टाकी मध्यम भारावर संपवावी, सायलेन्सरचे बोल्ट गार झाल्यावर पुन्हा आवळावेत आणि चेनब्रेक पूर्ण रेसवर साखळी लगेच थांबवतो का, ते तपासावे. मग सायलेन्सर उतरवून पोर्टमधून पिस्टन पाहावा: माथ्यावर काजळी आणि ताजे मिश्रण वर आणणाऱ्या ट्रान्सफर पोर्टच्या समोर धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे दिसत असतील, तर मिश्रण ठीक आहे, माथा कोरडा पांढुरका आणि बाजूला रेघा असतील, तर ‘एच’ स्क्रू आणखी उघडावा. त्याच दिवशी कॉम्प्रेशन मोजून आकडा करवतीच्या टाकीवर रंगाने लिहून ठेवावा. पुढे त्यात पंधरा-वीस टक्के घट दिसली की नवी रिंग घालावी, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होईपर्यंत थांबू नये.