विश्वविजेत्याला हरवायचंय? मग तयारी नक्की कशाची करायची

हौशी खेळाडू विश्वविजेत्याला हरवू शकतो का, हा प्रश्न बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी येतोच, आणि त्याचं उत्तर डाव कुठल्या पद्धतीने खेळला जातोय यावर अवलंबून आहे. समोरासमोर, दोघांना सारखा वेळ, क्लासिकल म्हणजे भरपूर वेळाचा डाव असेल तर धरून चाला की नाही. पण सायमल असेल (चॅम्पियन एकाच वेळी अनेकांशी खेळतो ते), ऑड्स घेतले असतील (तो आपली एखादी सोंगटी आधीच काढून खेळतो ते) किंवा घड्याळात मोठा फरक ठेवला असेल तर खरंच शक्यता असते आणि मेहनतीने ती वाढवता पण येते.

आधी आकडे बघून घ्या म्हणजे नेमकं कशाशी झुंजायचंय ते कळेल. खेळाडूची ताकद आकड्यात सांगणाऱ्या इलो रेटिंगच्या सूत्राप्रमाणे रेटिंगमध्ये 400 चा फरक असेल तर खालच्या खेळाडूला सरासरी 11 डावांत 1 गुण मिळायला हवा, 800 चा असेल तर 101 डावांत 1, आणि 1200 चा असेल तर 1001 डावांत 1. माजी विश्वविजेता मॅग्नस कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग 2882 होतं, 2014 मधलं, म्हणजे 1680 वगैरे रेटिंग असलेला चांगला तयारीचा क्लब प्लेयर सुद्धा त्याच्यासमोर या शेवटच्या गटात जातो. त्यात परत गुण म्हणजे विजय नव्हे, दोन डाव बरोबरीत सुटले तरी 1 गुण होतो. 2023 मध्ये कतार मास्टर्समध्ये अलिशेर सुलेमेनोव्हने कार्लसनला हरवलं तर त्याची केवढी बातमी झाली, आणि तो काय हौशी नव्हता, 2500 च्या वरचा ग्रँडमास्टर होता.

मग विश्वविजेते चुकतच नाहीत का? चुकतात की, आणि चांगलेच चुकतात. 2006 मध्ये बॉनला डीप फ्रिट्झ या कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना व्लादिमीर क्रॅमनिकला, जो तेव्हा विश्वविजेता होता, एका चालीतली मात दिसली नाही, वजीर e3 वर नेला आणि फ्रिट्झने h7 वर मात केली. 1956 च्या कँडिडेट्समध्ये (विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) टिग्रान पेट्रोसियान, जो पुढे 1963 मध्ये विश्वविजेता झाला, त्याने चांगल्या पोझिशनमध्ये वजीर तसाच मारात सोडला आणि ब्रॉन्स्टाइनने घोड्याने तो उचलला. 2024 च्या जागतिक लढतीत चौदाव्या डावात तेव्हाचा विश्वविजेता डिंग लिरेनने हत्ती f2 वर नेला तिथेच डाव गेला आणि किताब गुकेशकडे गेला.

आता यात एक गोष्ट नीट बघा, प्रत्येक वेळी समोर अशी व्यक्ती किंवा असं मशीन होतं ज्याला ती चूक लगेच दिसली आणि नंतर हातातून सुटली नाही. आपल्यात आणि त्यांच्यात खरा फरक इथे पडतो असं मला अगदी मनापासून वाटतं. चॅम्पियन चुकेल का याची चिंता आपण करत बसतो, आणि त्याने चूक केलीच तर ती ओळखून पुढच्या तीस चाली नीट खेळायची तयारी मात्र कोणीच करत नाही. विश्वविजेता प्यादं गमावून बसला तरी डाव संपत नाही, तो इतका चिवट बचाव करतो, दर चालीला असा नवा प्रश्न टाकतो की आपण कुठेतरी घसरतोच.

म्हणून पहिली तयारी ही करा, जिंकत आलेला डाव जिंकायला शिका. स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम फुल ताकदीवर लावा आणि स्वतःला आधीच जिंकलेली पोझिशन द्या, आधी एक हत्ती जास्त, मग एक घोडा जास्त पण वजीर पटावर, मग एक्सचेंज जास्त (त्याच्या घोड्या किंवा उंटासमोर आपला हत्ती), मग हत्तींच्या एंडगेममध्ये, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, एक प्यादं जास्त. शेवटचं प्रकरण सगळ्यात अवघड कारण तिथे लुसेना आणि फिलिडोर या दोन पोझिशन झोपेतून उठवलं तरी आल्या पाहिजेत, एक जिंकायची कशी आणि दुसरी वाचवायची कशी ते. हरलात तर पोझिशन बदलू नका, तीच परत लावा, आणि लागोपाठ दोनदा जिंकल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंटाळवाणं आहे, पण ओपनिंगचे दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा याचा फायदा कितीतरी जास्त आहे.

याच्या जोडीला एक सवय लावून घ्या, समोरच्याने काहीही चाल केली की शह, मार, धमकी या क्रमाने सगळं तपासायचं, चाल करणारा कोण आहे ते विसरून. मोठ्या नावाच्या खेळाडूने सोंगटी फुकट ठेवली की हौशी खेळाडू घाबरतो, यात काहीतरी खोल प्लॅन असणार म्हणून हातच लावत नाही. असेलही प्लॅन, पण मोजून बघा, आणि मोजल्यावर काही सापडलं नाही तर मारा.

ओपनिंगमध्ये ट्रॅप लावून चॅम्पियनला पकडू हा विचार सोडून द्या. 1918 मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक मार्शलने कापाब्लांकावर स्वतःचा तयार केलेला गँबिट (प्यादं देऊन हल्ला मिळवायची ओपनिंग) टाकला, खूप धारदार हल्ला होता, कापाब्लांका तेव्हा अजून विश्वविजेता पण झाला नव्हता, तरी त्याने पटावर बसल्या बसल्या बचाव शोधला आणि डाव जिंकला. मार्शलचं ते घरून करून आणलेलं काम चाललं नाही तर आपलं दोन रात्रींचं पाठांतर काय चालणार. त्यापेक्षा असं ओपनिंग घ्या ज्याच्या मधल्या खेळात प्यादी कुठे पुढे काढायची, कुठली सोंगटी चांगली, कुठली वाईट हे तुम्हाला अनुभवाने माहितीये.

आणि सगळं मारून टाकून बरोबरी करू हा दुसरा मोह. एंडगेम हे चॅम्पियन लोकांचं घर आहे, कार्लसनने अगदी सपाट दिसणाऱ्या पोझिशन पिळून पिळून ग्रँडमास्टर्सना हरवलंय. डाव समान असेल तर सोंगट्या पटावर राहू द्या.

आता संधी कुठे आहे, तर सायमल. चॅम्पियन एकटा, समोर वीस-पंचवीस पट, तो चालत चालत प्रत्येकाशी एक चाल खेळतो. इथे पण सोपं नाहीये, 1922 मध्ये क्लीव्हलंडला कापाब्लांका 103 जणांशी एकदम खेळला, 102 डाव जिंकला आणि एकच बरोबरीत सुटला. पण 1925 मध्ये लेनिनग्राडच्या सायमलमध्ये त्याच कापाब्लांकाला, आणि तेव्हा तो विश्वविजेता होता, एका 14 वर्षांच्या मुलाने हरवलं. तो मुलगा म्हणजे मिखाइल बोटविनिक, जो 1948 मध्ये स्वतः विश्वविजेता झाला, म्हणजे साधा हौशी म्हणता येणार नाही, पण त्या दिवशी तो शाळकरी पोरगाच होता.

सायमलमध्ये वेळेचं गणित समजून घेणं फार महत्त्वाचं. सुरुवातीला सगळे पट चालू असतात तेव्हा तो तुमच्याकडे परत यायला बराच वेळ लागतो, आणि तुमच्या पटापुढे तो काही सेकंदच थांबतो. जसजसे लोक हरून उठतात तसतसा तो लवकर लवकर यायला लागतो आणि शेवटी तीन-चार पट उरले की तुम्हालाच विचार करायला वेळ नाही. त्यामुळे गुंतागुंत करायची ती पहिल्या टप्प्यात करा, पंधराव्या ते पंचविसाव्या चालीच्या आसपास, जेव्हा त्याला वीस ठिकाणी लक्ष द्यायचंय आणि तुम्हाला एकाच ठिकाणी. तो येईपर्यंत चाल ठरवून ठेवा पण खेळू नका, समोर आल्यावरच खेळा. आयोजक पास द्यायची, म्हणजे चॅम्पियन आला तरी चाल न करता त्याला पुढे पाठवायची, मुभा देत असतील तर ते पास अजिबात लवकर वापरू नका, शेवटच्या टप्प्यासाठी जपून ठेवा.

वेळेच्या फरकाने खेळायचं असेल तर एक गैरसमज काढून टाका, डाव छोटा केला की आपली संधी वाढते असं नाही. 2014 मध्ये टीव्हीवर बिल गेट्सना 2 मिनिटं आणि कार्लसनला 30 सेकंद दिली होती, तरी 9 चालींत मात झाली. चॅम्पियनला पॅटर्न बघताक्षणी दिसतात, मोजावं आपल्याला लागतं, म्हणून त्याचा वेळ कमी करण्याइतकंच स्वतःचा वेळ भरपूर ठेवणं गरजेचं आहे. त्याला 3 मिनिटं आणि तुम्हाला दीड तास, अशी काहीतरी मागणी करा.

ऑड्स ही जुनी आणि अगदी सन्मानाची पद्धत आहे, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी त्याच्या काळात भल्या भल्यांना घोडा काढून खेळायचा. माझ्या मते 1800 च्या आसपासच्या खेळाडूने हत्ती मागावा, घोड्यावर भागेलच असं नाही. आणि इथे सोंगट्या पटावर ठेवायचा वरचा सल्ला बरोबर उलटा होतो, सोंगट्यांची अदलाबदल जितकी होईल तितकी करा पण प्यादी राखा, कारण पट रिकामा होत जातो तशी ती जास्तीची सोंगटी भारी पडत जाते. त्यासाठीच ती स्टॉकफिशवाली प्रॅक्टिस.

एकट्याने नको असेल तर गटाने खेळा. 1999 मध्ये कास्पारोव्ह विरुद्ध जग असा इंटरनेटवर डाव झाला, पन्नास हजारांपेक्षा जास्त लोक मतदान करून चाल ठरवत होते, कास्पारोव्हला जिंकायला 62 चाली लागल्या. 2025 मध्ये कार्लसनविरुद्ध असाच फ्रीस्टाइल डाव (ज्यात मागच्या रांगेतल्या सोंगट्यांची सुरुवातीची मांडणी बदललेली असते) झाला, एक लाखाहून जास्त लोक होते, प्रत्येक चालीला 24 तास, आणि तो बरोबरीत सुटला. तुमच्या क्लबमधले चार-पाच जण मिळून एका पटावर बसले आणि प्रत्येकाने एक काम घेतलं, एकाने फक्त समोरच्याच्या धमक्या बघायच्या, एकाने एंडगेमचा अंदाज घ्यायचा, तर एकट्या खेळाडूचे नेहमीचे ब्लंडर बरेच कमी होतात. फक्त अंतिम चाल कोण ठरवणार ते डाव सुरू व्हायच्या आधी पक्कं करा, नाहीतर तो पटापुढे येऊन उभा राहील आणि तुमची चर्चाच चालू असेल.