मित्रासोबत ‘ट्वायलाइट स्ट्रगल’चा पहिला डाव

‘ट्वायलाइट स्ट्रगल’ हा शीतयुद्धावर बेतलेला दोघांचा खेळ असून तो आनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांनी रचला आणि जीएमटी गेम्सने २००५ मध्ये प्रसिद्ध केला. एक खेळाडू अमेरिका होतो, दुसरा सोव्हिएत संघ. पूर्ण डाव दहा फेऱ्यांचा असतो, त्यामुळे पहिल्या वेळी तीन-चार तास मोकळे ठेवावेत. दोघांपैकी जो नवखा असेल त्याने सोव्हिएत बाजू घ्यावी, असे माझे मत आहे. कारण पहिल्या तीन फेऱ्यांत पुढाकार त्या बाजूकडे असतो आणि अमेरिकेला मात्र तग धरून राहण्याचे अधिक अवघड काम करावे लागते.

पट मांडताना बहुतेक सोंगट्यांच्या जागा ठरलेल्या असतात. त्याखेरीज सोव्हिएत खेळाडू पूर्व युरोपात सहा आणि अमेरिकी खेळाडू पश्चिम युरोपात सात प्रभावगुण आपल्या मर्जीने ठेवतो. अमेरिकेने पश्चिम जर्मनीत चार आणि इटलीत तीन ठेवणे हा खात्रीचा मार्ग आहे. एखाद्या देशावर ताबा मिळण्यासाठी आपला प्रभाव प्रतिस्पर्ध्यापेक्षा त्या देशाच्या स्थैर्याच्या आकड्याइतका तरी जास्त असावा लागतो. हा नियम मित्राला दोन-तीन देशांवर बोट ठेवून समजावून सांगावा, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावरच चालतात.

या खेळाचा गाभा हातातल्या पत्त्यांत आहे. प्रदेशांचे गुण मोजणारे काही पत्ते सोडले, तर प्रत्येक पत्त्यावर एक ऐतिहासिक घटना आणि एक आकडा असतो. पत्ता आपल्या बाजूचा किंवा तटस्थ असेल तर घटना किंवा आकडा यांपैकी एकच वापरता येतो; मात्र प्रतिस्पर्ध्याचा पत्ता आकड्यासाठी खेळला तरी त्यावरची घटना घडतेच. ती आपल्या चालीच्या आधी घडावी की नंतर, एवढेच आपल्या हाती असते. पहिल्या तीन फेऱ्यांत हातात आठ पत्ते येतात, त्यांतला एक सुरुवातीच्या ठळक घटनेसाठी जातो आणि सहा चालींना सहा लागतात. म्हणजे नको असलेला एकच पत्ता मागे ठेवता येतो. म्हणून पत्ते हाती येताच कोणते नुकसान केव्हा सोसायचे याचा क्रम आधी लावावा. आणखी एक नकोसा पत्ता अवकाश स्पर्धेत टाकता येतो आणि तेथे त्याची घटना घडत नाही. मात्र सुरुवातीला त्यासाठी पत्त्याचा आकडा किमान दोन असावा लागतो.

सोव्हिएत खेळाडूची पहिली चाल म्हणून इराणमधील उठाव करून पाहण्यासारखा आहे. इराणचे स्थैर्य दोन आहे आणि तेथे अमेरिकेचा एकच प्रभावगुण असतो. फाशावरचा आकडा आणि पत्त्याचा आकडा यांच्या बेरजेतून स्थैर्याची दुप्पट वजा करायची. चारच्या पत्त्याबरोबर फाशावर तीन पडले, तर निकाल तीन येतो. अमेरिकेचा एक प्रभावगुण जातो, सोव्हिएतचे दोन येतात आणि देश ताब्यात येतो. इराण मोक्याचा देश असल्याने डेफकॉन, म्हणजे अणुयुद्ध किती जवळ आले ते दाखवणारा पाच ते एक असा आकडा, हाही पाचावरून चारवर उतरतो आणि युरोपात उठावाला बंदी येते.

डेफकॉनकडे मात्र सतत लक्ष हवे. तो एकवर आला की अणुयुद्ध पेटते आणि ज्याची चाल चालू असेल तो हरतो, मग तो आकडा कोणामुळेही खाली आलेला असो. ‘डक अँड कव्हर’ हा अमेरिकेचा पत्ता डेफकॉन एकने उतरवतो. डेफकॉन दोनवर असताना सोव्हिएत खेळाडूने तो आकड्यासाठी खेळला, तर तो स्वतःच डाव गमावतो. असा पत्ता नवख्या मित्राच्या हाती असण्याची शक्यता लक्षात घेऊन जाणकाराने हा धोका डाव सुरू होण्याआधीच सांगावा, कारण न सांगितलेल्या नियमामुळे मिळालेल्या विजयात गोडी नसते.

गुणमोजणीचे पत्ते पुढच्या फेरीसाठी राखता येत नाहीत. त्यामुळे आशियाचा पत्ता हाती आला, तर तो खेळण्यापूर्वीच्या चाली त्या प्रदेशात, पण संशय येणार नाही अशा बेताने, खर्च कराव्यात. प्रत्येक फेरीच्या शेवटी आपल्या लष्करी कारवायांचे गुण डेफकॉनच्या आकड्यापेक्षा कमी पडले, तर जितकी तूट तितके गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतात. उठावात वापरलेला आकडा येथे मोजला जातो. कोणी वीस गुणांवर पोहोचला किंवा युरोपाची मोजणी होताना त्यावर कोणाचे पूर्ण नियंत्रण असले, तर डाव तिथेच संपतो. अन्यथा दहाव्या फेरीनंतर सर्व प्रदेशांची शेवटची मोजणी करावी आणि चीनचा पत्ता (दोघांत हात बदलत राहणारा खास पत्ता) ज्याच्याकडे असेल त्याला एक गुण द्यायला विसरू नये.