अडॅप्टर पाहुण्यांसाठी असतो

दोन दिवस मी घरभर सडक्या माशाचा वास शोधत होते. कचऱ्याचा डबा धुतला, सिंकची जाळी काढून घासली, फ्रिज पुढे ओढून मागे टॉर्च मारला. तिसऱ्या दिवशी इस्त्री करताना हात दुसऱ्या देशातल्या सॉकेटसाठी लावलेल्या अडॅप्टरला लागला आणि चटका बसला. पांढरं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात तपकिरी झालं होतं आणि एक पिन आतल्या आत तिरकी झाली होती. प्लग-सॉकेटमधली काही प्लॅस्टिकं तापली की अगदी माशासारखी घाण मारतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आता तसा वास आला की मी आधी भिंतीकडे बघते, कचऱ्याकडे नंतर.

नोकरीपायी चार देश आणि भाड्याची सात घरं झाली. मी इलेक्ट्रिशियन नाही. त्यामुळे भाडेकरूला स्वतः बघता येईल, करता येईल तेवढंच इथे लिहिते आहे. भिंतीवरची प्लेट उघडायची वेळ आली की मी हात मागे घेते. तुम्हीही घ्या.

पिनांआधी व्होल्टेज

पिना जुळत नाहीत हे लगेच दिसतं, म्हणून सगळे तिथेच अडकतात. व्होल्टेज दिसत नाही. भारत, युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे 230 व्होल्ट, अमेरिकेत 120, जपानमध्ये 100. ब्राझीलमध्ये तर एका भागात 127 आणि दुसऱ्या भागात 220. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज जसं भिंतीतून येतं तसंच पुढे जातं. म्हणून बॅग भरण्याआधी प्रत्येक वस्तू उलटी करून लेबल वाचायचं. ‘इनपुट 100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असं छापलेलं असेल तर ती कुठेही चालते. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक वेळा ते असतंच.

नुसतं 230 लिहिलेली इस्त्री 120 वर जेमतेम पाव ताकदीनं तापते, म्हणजे कोमट होते आणि तशीच राहते. उलटा प्रकार वाईट. 120 ची वस्तू 230 ला लावली की जवळपास पावणेचार पट वीज खेचते. माझा हेअर ड्रायर असाच एका निळ्या ठिणगीत गेला. चूक माझीच होती, पिना नीट बसल्या म्हणून मी खूश होते.

यावर हातात मावणारे हलके ‘कन्व्हर्टर’ मिळतात. त्यातले बरेचसे फक्त तापणाऱ्या साध्या वस्तूंसाठी असतात, त्यांना लॅपटॉप किंवा चार्जर लावायचा नाही. खरा ट्रान्सफॉर्मर चालतो, पण हजार-दीड हजार वॉटचा घेतला तर तो चांगलाच जड असतो आणि रात्रभर घुमतो. माझं मत सरळ आहे: तापणाऱ्या आणि फिरणाऱ्या वस्तू बॅगेत भरू नका, तिथे गेल्यावर घ्या.

कॉर्ड बदला

हे कुणी मला पहिल्याच घरात सांगितलं असतं तर तो चटका बसला नसता. अडॅप्टर हा आठ-दहा दिवस राहणाऱ्यासाठी आहे. वर्षभर राहणाऱ्यानं अडॅप्टरवर घर चालवायचं नसतं.

लॅपटॉपचा चार्जर, मॉनिटर, प्रिंटर यांची वायर बहुधा यंत्राच्या बाजूनं सुटी होते. तिचं तोंड नीट बघा. एक असतं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं, दोन भोकांचं. दुसरं तीन भोकांचं, मिकी माउसच्या तोंडासारखं. तिसरं मोठं चौकोनी, कोपरे कापलेलं, डेस्कटॉपच्या मागे लागतं ते. ही तोंडं जगभर सारखीच आहेत, फरक फक्त भिंतीकडच्या टोकाला. तेव्हा त्या देशाच्या पिना असलेली, त्या देशाचं प्रमाणचिन्ह असलेली कॉर्ड घ्यायची आणि जुनी गुंडाळून ठेवायची. मधला अडॅप्टर गेला, ढिलेपणा गेला आणि अर्थिंगही शाबूत राहिलं. माझ्याकडे आता एकच अडॅप्टर आहे, तोही प्रवासाच्या बॅगेत.

वायर यंत्रातच पक्की असेल तर प्लग कापून तिथला प्लग बसवून घेता येतो, पण व्होल्टेज जुळत असेल तरच. युरोप-ब्रिटनच्या वायरींत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. अमेरिकेत घरातल्या वायरिंगमध्ये काळी, पांढरी आणि हिरवी. ब्रिटिश प्लगच्या आत फ्यूजही असतो. साधारण 700 वॉटपर्यंत 3 अँपिअरचा, त्यावर 13 चा. दिव्याच्या प्लगमध्ये 13 चा फ्यूज बसवला तर बिघाडाच्या वेळी फ्यूज जाण्याआधीच पातळ वायर जळू शकते. हे काम आधी केलेलं नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

ढिला प्लग म्हणजे नेमकं काय

युरोपातल्या चपट्या दोन-पिनी प्लगच्या पिना 4 मिलिमीटरच्या, आणि तो प्लग अडीच अँपिअरपुरताच बनवलेला. भारतातल्या 5 अँपिअरच्या सॉकेटची भोकं 5 मिलिमीटरच्या पिनांसाठी असतात. तो प्लग आत जातो, चालतो, आणि डुलत राहतो. नुसता फोन चार्ज करायचा तर फारसं बिघडत नाही. पण अशाच ढिल्या जोडातून केटल किंवा हीटर चालवला तर? समजा त्या एका ठिकाणी अर्धा ओहम अडथळा आहे आणि 10 अँपिअर वाहतायत. तिथे 50 वॉट उष्णता तयार होते, म्हणजे सॉकेटच्या आत सोल्डरिंग आयर्न कायम चालू ठेवल्यासारखंच. आणि एमसीबी पडत नाही. तिच्या लेखी 10 अँपिअर म्हणजे सगळं आलबेल. मला वाटायचं, बोर्डात एमसीबी आहे ना, मग काळजी कसली. ती जास्त करंटवर पडते, ढिल्या जोडावर नाही.

म्हणून माझी सवय: जड वस्तू अर्धा तास चालवली की स्वीच बंद करायचा आणि बोट प्लगला लावायचं. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर तो सॉकेट त्या दिवसापासून बाद. प्लग स्वतःच्या वजनानं खाली लोंबतो, धक्का लागला की दिवा फडफडतो, आत चरचर ऐकू येते, भोकाभोवती काळं दिसतं: यातलं एकही लक्षण पुरे आहे. ‘जरा वाकवून लावलं की चालतं’ हा आपला लाडका उपाय इथे आग लावतो.

एक्स्टेंशनचंही तेच. लावलेल्या वस्तूंच्या वॉटची बेरीज त्यावर लिहिलेल्या वॉटच्या आत राहिली पाहिजे. अमेरिकेतला नेहमीचा 15 अँपिअरचा सर्किट पूर्ण भरला तरी 1800 वॉट होतात. एक हीटरच 1500 खातो. आणि वायरचं वेटोळं तसंच ठेवून हीटर चालवू नका, आतलं वेटोळं तापून चिकटतं.

अर्थिंग गुपचूप हरवतं

जगातले सगळे प्लग घेणारी ती पांढरी युनिव्हर्सल पट्टी मला फार आवडायची. आता बघवत नाही. जर्मन प्लगचं अर्थिंग पिनेत नसतं, प्लगच्या दोन कडांवरच्या पत्र्यांत असतं. त्या पट्टीत त्या पत्र्यांना टेकायला काहीच नाही. प्लग बसतो, मशीन चालतं, अर्थिंग गायब. डेन्मार्कच्या जुन्या सॉकेटमध्येही हेच होतं, जर्मन प्लग बिनबोभाट आत जातो आणि अर्थ जुळत नाही. फ्रान्समध्ये अर्थची पिन सॉकेटमधूनच बाहेर आलेली असते. हल्लीचे बरेच युरोपीय प्लग एका बाजूला भोक आणि कडांना पत्रे असे दोन्ही घेऊन येतात, ते दोन्हीकडे चालतात.

धातूच्या लॅपटॉपवर मनगट ठेवल्यावर बारीक झिणझिण्या येतात का? दोन पिनांच्या चार्जरवर हे बऱ्याचदा होतं. चार्जरमधून अगदी थोडा करंट झिरपतो, अर्थ नसल्यानं तो बॉडीवर जाणवतो. तीन पिनांची कॉर्ड अर्थ असलेल्या सॉकेटला लावली की थांबतं. पण वॉशिंग मशीन किंवा फ्रिजच्या पत्र्याला हात लावून तसंच जाणवलं तर लॅपटॉपसारखं सोडून द्यायचं नाही. एमसीबी पाडा, मग प्लग काढा.

एक कबुलीही देते. ब्रिटिश सॉकेटच्या भोकांवर आतून झडपा असतात, वरची लांब अर्थ पिन आत गेली की त्या उघडतात. मी कितीतरी महिने पेनाचं टोपण वरच्या भोकात खुपसून झडपा उघडायचे आणि दोन-पिनी प्लग दामटायचे. अनेक जण करतात. लहान मुलांसाठी केलेली सोय त्यात मोडते, प्लगमधला फ्यूज मधून निघून जातो आणि पिना नीट पकडल्याही जात नाहीत. करू नका.

जपानमधले बहुतेक सॉकेट दोनच पिनांचे. वॉशिंग मशीनजवळ मात्र अर्थचा वेगळा स्क्रू असतो, मशीनमधून लोंबणारी हिरवी वायर त्याला जोडायची असते. ती कापून टाकण्यासाठी नसते.

किल्ली हातात आल्यावर

सामान लावायच्या आधी मी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर घेऊन घरभर फिरते. अर्थ तुटलेला किंवा फेज-न्यूट्रल उलटे असतील तर तो दिव्यांवरून सांगतो. त्याला फसवताही येतं. कुणी अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटमध्येच जोडून ठेवले असतील तर तो बिनधास्त ‘ठीक’ म्हणतो. मग बोर्डातल्या गळती-संरक्षकाचं, म्हणजे करंट बाहेर गळू लागला की वीज तोडणाऱ्या स्वीचचं, ‘टेस्ट’ बटण दाबायचं. युरोप-ब्रिटनमध्ये तो बहुधा 30 मिलिअँपिअरचा असतो. अमेरिकेत तो पुष्कळदा बाथरूम-किचनच्या सॉकेटमध्येच असतो आणि साधारण 5 मिलिअँपिअरवर पडतो. बटण दाबून तो पडला नाही तर निकामी आहे.

दोष सापडला की फोटो, तारीख आणि कोणता सॉकेट, हे घरमालकाला लेखी पाठवायचं. तोंडी सांगितलेलं विरून जातं. इंग्लंडमध्ये खासगी भाड्याच्या घराची वायरिंग निदान दर 5 वर्षांनी तपासून घेणं आणि अहवालाची प्रत भाडेकरूला देणं बंधनकारक आहे, तो अहवाल मागा. ऑस्ट्रेलियात परवाना नसताना वायरिंगला हात लावणंच बेकायदा आहे.

सातव्या घरात पलंगामागच्या सॉकेटवर नखाएवढा काळा डाग होता. मालकाचं उत्तर आलं, ‘आधीच्या भाडेकरूला कधी त्रास झाला नाही.’ मी त्या खोलीची एमसीबी पाडली, तिच्यावर आणि सॉकेटवर चिकटपट्टी लावली, त्याचाही फोटो पाठवला आणि अकरा दिवस बाहेरच्या खोलीतल्या दिव्याच्या उजेडात झोपायची तयारी केली. बाराव्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. प्लेट काढल्यावर दिसलं की न्यूट्रलचा स्क्रू दोन आटे ढिला होता आणि त्याखालचं आवरण बोटभर कोळसा झालेलं. त्यानं जळका भाग कापला, नवा सॉकेट बसवला, वीस मिनिटांत निघाला. जुना सॉकेट मी मागून घेतला, आणि मालकाला शेवटचा फोटो त्याच्या मागच्या बाजूचा पाठवला.